अथेन्सचे आकाश आणि वाऱ्याचा हिशेब

हवापालटासाठी समुद्रकाठी जावे, असे आपल्याकडे पूर्वापार सांगितले जाते. दुखण्यातून उठलेल्या माणसाला चार दिवस कोकणात पाठवावे, समुद्रावरचा वारा लागला की तो खडखडीत बरा होतो, ही समजूत माझ्या आजीपासून माझ्यापर्यंत कोणीही तपासून न पाहता चालत आली. तिला पहिला धक्का बसला तो भूगोलाच्या नव्हे, तर इतिहासाच्या तासाला.

प्राचीन ग्रीसवरचा पाठ चालू होता. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरील एरेख्थेयोन मंदिराचे चित्र सर आम्हांला दाखवीत होते. त्या मंदिराच्या एका सज्जाला खांब नाहीत; खांबांच्या जागी सहा स्त्रिया डोक्यावर छताचा भार घेऊन शांतपणे उभ्या आहेत. त्यांना कॅरिअ‍ॅटिड म्हणतात. चित्र दाखवून झाल्यावर सर सहज म्हणाले, "आज तिथे उभी असलेली एकही मूर्ती खरी नाही. सगळ्या प्रतिकृती आहेत. एक मूर्ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी काढून नेली, ती लंडनला आहे. उरलेल्या पाच १९७९ साली उतरवून संग्रहालयात ठेवाव्या लागल्या." मागच्या बाकावरून कोणी तरी विचारले, "चोरीच्या भीतीने का, सर?" सर म्हणाले, "नाही, हवेच्या भीतीने."

वर्ग हसला, पण माझ्या डोक्यातून ते वाक्य गेले नाही. ज्या मूर्तींनी सुमारे चोवीसशे वर्षे ऊन, पाऊस आणि परचक्रे सोसली, शेजारच्या पार्थेनॉनमध्ये १६८७ साली दारूगोळ्याचा स्फोट झाला तोही पाहिला, त्यांना समुद्रापासून अवघ्या काही किलोमीटरवर असलेल्या गावात साध्या हवेने पळवून लावावे, हे कसे? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागले, ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न करीत आहे. मी अथेन्स पाहिलेले नाही. पण नकाशा आणि वारा यांची ओळख झाली, की न पाहिलेले गावही थोडेफार समजू लागते.

सुपात वसलेले शहर

अथेन्सची रचना समजण्यासाठी आपल्या घरातले सूप डोळ्यांसमोर आणावे. सुपाला तीन बाजूंनी कड असते आणि चौथी बाजू मोकळी असते. अथेन्सच्या उत्तरेला पार्निथा (१४१३ मीटर), ईशान्येला पेंतेली (११०९ मीटर), पूर्वेला हिमेटस (१०२६ मीटर) आणि पश्चिमेला एगालिओची बुटकी रांग आहे. मोकळी बाजू तेवढी नैर्ऋत्येला, सारोनिक आखाताकडे. तिथे पिरेयस हे बंदर आहे. पेंतेलीच्या खाणींतूनच पार्थेनॉनचा संगमरवर आला. म्हणजे ज्या डोंगरांनी या शहराला सौंदर्य दिले, त्यांनीच त्याची हवा कोंडण्याची सोयही करून ठेवली.

१८३४ साली अथेन्स नव्या ग्रीसची राजधानी झाले तेव्हा ते काही हजार वस्तीचे गाव होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र खेड्यापाड्यांतून माणसे लोटली आणि आज ग्रीसच्या लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा या एका सुपात राहतो. जुनी बैठी घरे पाडून त्यांच्या जागी पाच-सहा मजली इमारती झाल्या; रस्ते मात्र पूर्वीइतकेच अरुंद राहिले. त्या रस्त्यांवरून मोटारी धावू लागल्या, इमारतींच्या तळघरांतून तेलावर चालणारे बंब पेटू लागले, आणि एगालिओच्या पलीकडे एलेफ्सिनाच्या बाजूला तेलशुद्धीकरणाचे व पोलादाचे कारखाने उभे राहिले. हे एलेफ्सिना म्हणजे नाटककार एस्किलसचे जन्मगाव एल्युसिस, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोच.

१९७० नंतरच्या काळात या सुपावर एक तपकिरी झाकण दिसू लागले. अथेन्सच्या लोकांनी त्याला नाव दिले 'नेफोस', म्हणजे ढग. हा ग्रीक शब्द आणि आपल्या संस्कृतातला 'नभस्' ही एकाच मुळाची भावंडे आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. आपण नभ म्हटले की निळाई आठवते. अथेन्सच्या माणसाला नेफोस म्हटले की डोळ्यांची आग आठवते.

मूर्तींचे नुकसान केले ते मुख्यतः या हवेतल्या गंधकाने. तेल जळताना त्यातील गंधकापासून सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो. त्याचे दमट हवेत आम्ल बनते, आणि ते संगमरवरावर बसले की त्या कठीण दगडाचे जिप्सममध्ये, म्हणजे एक प्रकारच्या भुसभुशीत चुन्यात रूपांतर होते. हे जिप्सम पावसाने धुऊन जाते आणि त्याबरोबर नाक, ओठ, वस्त्राच्या चुण्या हेही झिजून जातात. शिल्पकाराने छिन्नीने जे घडविले ते हवेने पुसून टाकले.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे: धूर वाईट, म्हणून हवा वाईट. पण पुढे वाचू लागलो तेव्हा एक विलक्षण बाब ध्यानात आली. या शहराची हवा वर्षभर एकसारखी वाईट नसते. प्रत्येक ऋतूचे दूषण निराळे, त्याचे कारण निराळे आणि त्याचा फटका बसणारी माणसेही निराळी.

उन्हाळा : वार्षिक वारा आणि परत आलेली हवा

भूमध्य समुद्राच्या काठचा उन्हाळा आपल्या पावसाळ्याच्या बरोबर उलटा. जून ते ऑगस्ट या महिन्यांत आपल्याकडे आकाश फाटलेले असते, तर अथेन्समध्ये जवळजवळ थेंबही पडत नाही. आपली हवा त्या दिवसांत धुऊन निघते. तिथे हवा धुण्याचे काम वाऱ्याकडे असते. हा उत्तरेचा वारा दरवर्षी ठरल्या वेळी एजियन समुद्रावरून वाहू लागतो. प्राचीन ग्रीकांनी त्याला 'एतेसियन' म्हणजे वार्षिक वारा असे नाव दिले. आजचे खलाशी त्याला 'मेल्तेमी' म्हणतात. अ‍ॅरिस्टॉटलने हवामानावरील आपल्या ग्रंथात त्याची चर्चा केली आहे, आणि मॅसिडोनियाचा फिलिप या वाऱ्याचा मुहूर्त साधून स्वाऱ्या करतो, अशी तक्रार डेमॉस्थेनिसने अथेन्सच्या सभेत केली होती. उत्तरेचा वारा चालू असताना अथेन्सची गलबते उत्तरेकडे जाऊच शकत नसत.

या वार्षिक वाऱ्याचा धागा थेट आपल्या मोसमी वाऱ्यांशी जुळतो, हे वाचून मला फार नवल वाटले. उन्हाळ्यात भारताच्या बाजूला जो कमी दाबाचा प्रदेश तयार होतो, त्याची एक शाखा इराणच्या आखातावरून तुर्कस्तानपर्यंत पोहोचते. बाल्कन प्रदेशावर त्या वेळी हवेचा दाब जास्त असतो. या दोहोंमधील उतारावरून एतेसियन वारा घसरत येतो. इतकेच नव्हे, तर मोसमी पावसाच्या प्रदेशात जी हवा प्रचंड प्रमाणात वर चढते, तिच्या परिणामाने पूर्व भूमध्य समुद्रावर हवा खाली दबली जाते आणि तिथले आकाश कोरडे ठेवण्यास हातभार लागतो. म्हणजे सह्याद्रीवर धो धो पाऊस पडत असताना अथेन्सवर निरभ्र ऊन असते, या दोन गोष्टी परक्या नाहीत. त्यांनी आपल्या वाऱ्याला वर्षावरून नाव दिले, आपण 'मोसम' या अरबी शब्दावरून म्हणजे ऋतूवरून दिले. दोघांनीही एकच गोष्ट ओळखली होती.

मेल्तेमी जोरात असला की सूप पाखडले जाते आणि अथेन्सचे आकाश निळेभोर होते. तो थांबला की मात्र शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे यांचे राज्य सुरू होते. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे समुद्राकडे जातात. सकाळी खारे वारे पिरेयस बंदरावरून निघतात, शहराच्या मध्यातली मोटारींची घाण उचलतात आणि उत्तरेच्या डोंगरांकडे चालू लागतात. वाटेत त्यांना भूमध्य प्रदेशाचे कडक ऊन भेटते. नायट्रोजन डायऑक्साइडचे कण उन्हाने फुटतात, सुटलेला प्राणवायूचा अणू हवेतल्या प्राणवायूला चिकटतो आणि ओझोन तयार होतो. पेट्रोलच्या वाफांसारखे कर्बयुक्त वायू सोबत असले, की हा ओझोन साचत जातो. आकाशात उंचावर आपले रक्षण करणारा ओझोन जमिनीलगत आला, की डोळे आणि फुप्फुसे जाळतो.

यातला विरोधाभास असा, की शहराच्या गजबजलेल्या मध्यभागी ओझोन तुलनेने कमी असतो, कारण मोटारींतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. तो वाढतो तो उत्तरेच्या, झाडीच्या, डोंगराजवळच्या उपनगरांत. शहराच्या धुरापासून दूर जावे म्हणून सुखवस्तू लोक ज्या दिशेला राहायला गेले, त्याच दिशेला धूर रूप पालटून त्यांच्या मागे गेला. युरोपीय नियमाप्रमाणे एका तासाची सरासरी दर घनमीटरला १८० मायक्रोग्रॅमवर गेली की लोकांना सूचना द्यावी लागते आणि २४० वर गेली की धोक्याचा इशारा.

आणि समुद्राकडे गेलेल्या हवेचे काय? रात्री मतलई वाऱ्यांनी शहराची शिळी हवा आखातावर नेऊन ठेवलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच हवा खाऱ्या वाऱ्यांबरोबर परत येते. समुद्रावरून आली म्हणून तिला आपण ताजी म्हणावे, तर ती काल आपणच टाकलेली असते! माझ्या आजीच्या समजुतीला दुसरा आणि निर्णायक धक्का बसला तो इथे. शिवाय समुद्र स्वतःही निर्दोष राहिलेला नाही. पिरेयस हे भूमध्य समुद्रावरील फार मोठ्या वर्दळीचे बंदर आहे आणि जहाजे बरीच वर्षे गंधकयुक्त जड तेल जाळीत आली. १ मे २०२५ पासून संपूर्ण भूमध्य समुद्रात जहाजांच्या इंधनातील गंधकावर ०.१ टक्क्याची मर्यादा लागू झाली, ही अलीकडची आशादायक घटना.

उष्णतेची लाट आणि कोंदटलेली हवा एकत्र आल्या तर काय होते, ते जुलै १९८७ मध्ये दिसले. त्या लाटेत अथेन्स परिसरात एक हजाराहून अधिक माणसे दगावली. उष्णता आणि दूषित हवा एकमेकींची धार वाढवितात, असे संकेत पुढे अभ्यासकांना मिळाले. आता उन्हाळ्याला वणव्यांचीही जोड मिळाली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पार्निथाच्या पायथ्याशी जंगल पेटले तेव्हा आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आग पेंतेलीच्या उतारावरून उपनगरांत शिरली तेव्हा अथेन्सवर धुराचे छत पसरले. एरवी शहर स्वच्छ करणाऱ्या उत्तरेच्या वाऱ्यानेच २०२४ मध्ये ती आग शहराकडे हाकलली.

हिवाळा : खंड्या पक्ष्याचे दिवस

ग्रीक पुराणात वाऱ्यांचा राखणदार इओलस याची कन्या आल्कियोनी हिची कथा आहे. तिचा पती जहाज फुटून बुडाला, तिने शोकाने समुद्रात उडी घेतली, आणि देवांनी दया येऊन दोघांना खंड्या पक्ष्याचे रूप दिले. भर हिवाळ्यात ती अंडी उबविते तेव्हा तिचा पिता वारे आवरून धरतो; म्हणून त्या दिवसांत समुद्र शांत असतो आणि कोवळे ऊन पडते. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान येणाऱ्या अशा निवांत दिवसांना ग्रीक लोक आजही आल्कियोनीचे दिवस म्हणतात.

कवीला प्रिय असे हे दिवस श्वासाला मात्र जड जातात. वारा नसतो, आकाश निरभ्र असते; त्यामुळे रात्री जमीन भरभर निवते आणि तिच्यालगतची हवा थंड होते. वर मात्र तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड हवा जड, ती वर चढत नाही; सुपावर जणू परात पालथी घातली जाते. त्या वेळी शहरात जे जळेल ते शहरातच राहते.

आणि काय जळेल, हे परिस्थितीवर ठरते. २००९ च्या अखेरीस ग्रीसवर कर्जाचे संकट कोसळले. पगार आणि निवृत्तिवेतने कापली गेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सरकारने महसूल वाढविण्यासाठी घरे उबदार ठेवण्याच्या तेलावरील कर मोटारींच्या डिझेलइतका केला. तेलाची विक्री कोसळली. अथेन्सच्या बहुतेक इमारतींत साऱ्या बिऱ्हाडांचा मिळून एकच बंब असतो. चार बिऱ्हाडांना वर्गणी परवडली नाही की तो सगळ्यांसाठीच बंद. लोकांनी भिंतीतल्या जुन्या शेकोट्या उघडल्या, लोखंडी शेगड्या आणल्या आणि लाकूड जाळावयास सुरुवात केली. काहींनी रंग दिलेल्या फळ्या आणि मोडके फर्निचरही जाळले. २०१२-१३ च्या हिवाळ्यात संध्याकाळी अथेन्स आणि थेस्सालोनिकी या दोन्ही शहरांवर लाकडाच्या धुराचा थर साचू लागला. थेस्सालोनिकीत केलेल्या एका अभ्यासात आदल्या हिवाळ्याच्या तुलनेत हवेतील सूक्ष्म कण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेले आढळले. मोटारी तर पैशांअभावी कमीच धावत होत्या. तरी हवा बिघडली. डिसेंबर २०१३ मध्ये त्याच शहरात, वीज तोडलेल्या घरात शेगडीच्या विषारी वायूने एका शाळकरी मुलीचा प्राण गेला. त्यानंतर धुराच्या दिवसांत गरजू कुटुंबांना फुकट वीज देण्याचे सरकारने जाहीर केले, आणि २०१४ मध्ये तेलावरचा कर काहीसा उतरविला.

मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नेफोस हा सुबत्तेचा धूर होता: मोटारी, कारखाने, नव्या इमारती. हिवाळ्यातला हा धूर गरिबीचा होता. रासायनिक पृथक्करणात दोन्ही कणच. पण एकाला दंड करता येतो, दुसऱ्याला दंड करून भागत नाही. थंडीने कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याला 'लाकूड जाळू नका' असे सांगण्यापूर्वी 'मग काय जाळू?' या त्याच्या प्रश्नाचे उत्तर हाती असावे लागते.

वसंत : वाळवंटाची पाहुणी

मार्च ते मे या काळात आफ्रिकेच्या उत्तर भागावरून कमी दाबाची केंद्रे सरकतात आणि सहाराची धूळ उचलून भूमध्य समुद्र ओलांडून आणतात. २३ एप्रिल २०२४ रोजी तर अथेन्सचे आकाश संपूर्ण नारिंगी झाले होते. अ‍ॅक्रोपोलिस जणू गेरूत बुडवून काढलेले दिसत होते. ही धूळ फार प्राचीन आहे आणि तिला कोणी अडवू शकत नाही. म्हणून युरोपीय कायद्याने एक सवलत ठेवली आहे: धुलिकणांची दिवसाची मर्यादा (दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, वर्षातून ३५ पेक्षा अधिक दिवस ओलांडायची नाही) मोजताना वाळवंटातून आलेला वाटा पुराव्यानिशी वजा करता येतो. सरकारच्या हिशेबातून तो वजा होतो. फुप्फुसाच्या हिशेबातून मात्र होत नाही. दम्याच्या माणसाला तो दिवस घरातच काढावा लागतो.

उपाय आणि त्यांची कहाणी

१९८२ साली अथेन्सने शहराच्या मध्याभोवती 'दाक्तिलिओस' म्हणजे अंगठी नावाची सीमा आखली. सम तारखेला सम क्रमांकाच्या आणि विषम तारखेला विषम क्रमांकाच्या मोटारींनाच आत प्रवेश. युक्ती चांगली होती. पण अनेक कुटुंबांनी दुसऱ्या प्रकारच्या क्रमांकाची आणखी एक मोटार घेतली, आणि तीही बहुधा जुनी, जास्त धूर ओकणारी. माणसाची बुद्धी नियमाच्या एक पाऊल पुढे असते, हे इथेही खरे ठरले. खरा फरक पडला तो संथ आणि कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामांनी: इंधनातील गंधक कमी झाला, १९९० च्या दशकाच्या आरंभी जुन्या मोटारी मोडीत काढण्यास करसवलत मिळाली, धूर शुद्ध करणारी यंत्रे बसविलेल्या मोटारी आल्या, आणि २००० साली भुयारी रेल्वेचे नवे मार्ग सुरू झाले. सल्फर डायऑक्साइड खूपच उतरला. तरीही काम पुरे झालेले नाही. नायट्रोजन डायऑक्साइडच्या बाबतीत अथेन्समध्ये मर्यादा पाळली नाही म्हणून २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ग्रीसला दोषी ठरविले. आणि कॅरिअ‍ॅटिड? त्या पाचजणी २००९ साली उघडलेल्या नव्या संग्रहालयात काचेआडून आपली टेकडी पाहत उभ्या आहेत. त्यांना घरी परत नेण्याची भाषा कोणी करीत नाही.

हे सगळे आपण का वाचावे, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर फार दूर नाही. मुंबईही समुद्राकाठची, खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांच्या भरवशावर जगणारी. मोसमी वारे परतले की तिथेही वारा मंदावतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिची हवा दिवसेंदिवस बिघडलेली राहिली, आणि २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन फटाक्यांच्या वेळांवर बंधन घातले. त्या वेळी 'वाराच पडला, कोण काय करणार?' असे उद्गार आपण सर्वांनी ऐकले, कदाचित काढलेही असतील.

अथेन्सने मला शिकविले ते एवढेच, की वारा गुन्हेगार नाही आणि तारणहारही नाही. तो हिशेबनीस आहे. आपण हवेत जे जमा करतो ते तो कधी उत्तरेच्या उपनगराच्या खात्यावर टाकतो, कधी गरिबाच्या खोलीच्या, कधी दगडाच्या मूर्तीच्या. ऋतू बदलला की खाते बदलते. रक्कम आपलीच असते. मेल्तेमीच्या निळ्या दिवसांत अथेन्सला वाटले असेल की कर्ज फिटले. वारा पडला की कळते, फिटले नव्हते. फक्त मागणी पुढे ढकलली गेली होती.

आजीला मी हे सगळे समजावून सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हवापालट करायचा तर गाव बदलून भागायचं नाही, चूल बदलायला हवी." दोन हजार शब्द लिहून मी जे सांगू पाहत होतो, ते तिने एका वाक्यात सांगितले. म्हणून इथेच थांबतो.